सहा गोष्टींचा एक वेस्टर्न: अँथॉलॉजी चित्रपटाचा रसास्वाद कसा लिहावा

चित्रपटांवरचे लेख तपासण्याचे काम हाती आले की अँथॉलॉजी चित्रपटावरचा, म्हणजे अनेक स्वतंत्र गोष्टी एकत्र बांधलेल्या चित्रपटावरचा, लेख दुरूनच ओळखू येतो. चित्रपटात सहा गोष्टी असतील तर लेखात सहा परिच्छेद असतात, प्रत्येक परिच्छेदात एकेका गोष्टीचे कथानक असते, आणि शेवटी ‘संपूर्ण चित्रपटाला काळ्या विनोदाची झालर आहे’ असे एक वाक्य असते. ही झालर नेमकी कुठे शिवलेली आहे, हे मात्र लेखकाने पाहिलेले नसते. असे लेख लिहिणारी मंडळी आळशी नसतात. बहुतेक वेळा त्यांच्या कामाचा क्रम चुकलेला असतो. गोष्टी आधी आणि त्यांना जोडणारे सांधे नंतर, असे ते पाहतात, तर अँथॉलॉजीत सांध्यांपासून सुरुवात करावी लागते.

पुढील पद्धत एकच चित्रपट समोर ठेवून सांगितली आहे: जोएल आणि ईथन कोएन या बंधूंचा २०१८ सालचा ‘द बॅलड ऑफ बस्टर स्क्रग्ज’. सुमारे सव्वादोन तासांत सहा स्वतंत्र गोष्टी, सगळ्या अमेरिकेच्या पश्चिम सीमाप्रदेशातल्या, आणि सहाही मृत्यूभोवती फिरणाऱ्या. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. चित्रपट न पाहिलेल्यांनी आधी तो पाहावा, कारण पुढे शेवट लपवलेले नाहीत. शेवट लपवून अशा चित्रपटाची चर्चा करता येत नाही.

एक खुलासा सुरुवातीलाच हवा. ‘वेस्टर्न’ म्हणजे ‘पाश्चात्त्य’ नव्हे. वेस्टर्न हा घोडे, पिस्तुले, सलून (म्हणजे दारूचे गुत्ते) आणि ओसाड माळरानांचा एक विशिष्ट चित्रपटप्रकार आहे. मराठी लेखांत हे दोन अर्थ इतक्या सहजपणे एकमेकांत मिसळतात की ‘पाश्चात्त्य समाजातील मूल्यांचा ऱ्हास’ असा निष्कर्ष एका काउबॉयच्या माथी मारला जातो.

टप्पा १: पाहण्याआधीची तयारी

एक वही, मोबाइलवरचे घड्याळ आणि इंग्रजी सबटायटल एवढे साहित्य पुरते. सबटायटल इंग्रजी उत्तम समजणाऱ्यांनीही लावावीत. पहिल्या गोष्टीतला बस्टर ज्या लांबलचक, अलंकारिक, जवळजवळ वकिली इंग्रजीत बोलतो, ते कानाने पूर्ण पकडणे अवघड आहे आणि त्याच्या विनोदाचा निम्मा भाग त्या भाषेतच आहे.

वेस्टर्नचे ठरलेले संकेत आधी कागदावर लिहून काढावेत. पांढरी टोपी म्हणजे भला माणूस आणि काळी टोपी म्हणजे खलनायक. भर दुपारी रस्त्यावर समोरासमोर पिस्तुलांचे द्वंद्व. पत्त्यांच्या डावातली फसवणूक. बँकेवरचा दरोडा आणि पाठोपाठ फासाचे झाड. सोने शोधणारा एकटा म्हातारा. ओरेगॉनकडे निघालेला छपरी गाड्यांचा तांडा. अनोळखी प्रवाशांची घोडागाडी. गिटार वाजवत गाणारा काउबॉय, जो १९३० आणि ४० च्या दशकांत जीन ऑट्री आणि रॉय रॉजर्स या गायक-अभिनेत्यांनी घरोघरी पोहोचवला. ही यादी दहा मिनिटांत होते. ती न करता चित्रपट पाहिला तर विनोद दिसतो, पण तो कशावर केलेला आहे हे दिसत नाही.

सावधान: तयारी म्हणून इतरांची परीक्षणे वाचू नयेत. वाचल्यास सहापैकी ‘सर्वांत चांगली’ आणि ‘सर्वांत कमजोर’ गोष्ट कोणती, हे उसने मत डोक्यात घेऊनच तुम्ही बसाल, आणि अँथॉलॉजीच्या लेखाला गुणतक्ता बनवणारी सवय याच मतातून लागते.

टप्पा २: पहिल्यांदा पाहताना काहीही लिहू नका

पहिल्यांदा चित्रपट सलग पाहावा, मध्ये थांबू नये, रोज एक गोष्ट अशा हप्त्यांत तर अजिबात पाहू नये. सहाही गोष्टी एका बैठकीत आदळतात तेव्हाच त्यांच्यातला चढउतार अंगावर येतो. दुसरी गोष्ट सर्वांत आखूड आणि पाचवी सर्वांत लांब का, याचे उत्तर हप्त्यांनी पाहणाऱ्याला कधीच सापडत नाही.

चित्रपट संपल्यावर दहा मिनिटांच्या आत वहीत फक्त दोन गोष्टी लिहाव्यात: कुठे हसू आले, आणि कुठे आलेले हसू परत घ्यावेसे वाटले. या दुसऱ्या यादीला जपा, कारण लेख पुढे तिच्यातूनच उभा राहतो.

तपासणी: दुसऱ्या यादीत एकही नोंद नसेल तर लिहायला बसू नका, चित्रपट आणखी एकदा पाहा, शक्य झाल्यास कुणाच्या तरी सोबतीने. शेजारचा माणूस हसला आणि आपण हसलो नाही, अशी जागा फार उपयोगी पडते.

टप्पा ३: दुसऱ्यांदा पाहताना आधी चौकट तपासा

आपल्याला चौकटकथा नवी नाही. वेताळ पंचविशीत विक्रमराजा प्रेत खांद्यावर घेऊन चालतो, वेताळ गोष्ट सांगतो, प्रश्न विचारतो आणि राजाने तोंड उघडताच पुन्हा झाडावर जाऊन लटकतो. तिथे चौकट स्वतःच एक चालती गोष्ट आहे. कोएन बंधूंची चौकट मात्र मुकी आहे. एक जुने, कापडी बांधणीचे पुस्तक उघडते, कुणाचा तरी हात पाने उलटतो, प्रत्येक गोष्टीच्या आरंभी एक रंगीत चित्र येते आणि त्या चित्राखाली गोष्टीतलेच एखादे वाक्य छापलेले असते.

ती वाक्ये वाचणे हे या टप्प्याचे मुख्य काम आहे. पाचव्या गोष्टीच्या चित्राखालचे वाक्य साधारण असे सांगते, की बिली नॅपला आता काय सांगावे हे आर्थर महाशयांना सुचेना. त्या क्षणी बिली नॅप कोण, आर्थर कोण आणि सांगायचे तरी काय, यातले आपल्याला काहीही माहीत नसते. गोष्ट पुढे सरकते, आपण वाक्य विसरतो, आणि शेवटी म्हातारा आर्थर माळावरून एकटा परत येऊ लागतो तेव्हा ते वाक्य पुन्हा समोर येऊन उभे राहते. शेवट आपल्याला सुरुवातीलाच सांगितला होता; आपण तो फक्त वाचला, ऐकला नाही.

म्हणून प्रत्येक चित्र आले की चित्रपट थांबवावा, खालचे वाक्य वहीत उतरवावे, आणि गोष्टीच्या नेमक्या कितव्या मिनिटाला ते वाक्य खरे ठरते हे त्याच्यापुढे लिहावे.

सावधान: हे पुस्तक खरे नाही. ‘एका जुन्या कथासंग्रहावर आधारित’ असे वाक्य मला लेखांमध्ये अनेकदा खोडावे लागले आहे. पुस्तक चित्रपटासाठी रचलेले आहे. मात्र सहापैकी दोन गोष्टींना छापील मूळ आहे: चौथी जॅक लंडन यांच्या १९०५ मधल्या कथेवरून घेतली आहे, आणि पाचवीमागे स्ट्युअर्ट एडवर्ड व्हाइट यांची १९०१ मधली कथा आहे. ऑस्करचे नामांकन ‘रूपांतरित पटकथा’ या विभागात मिळाले, त्याचा संबंध इथे आहे. जाता जाता आणखी एक: श्रेयनामावलीत संकलक म्हणून येणारे रॉडरिक जेन्स हे नाव कोएन बंधूंचेच टोपणनाव आहे, तेव्हा ‘जेन्स यांच्या कसबी संकलनाला दाद द्यावी लागेल’ असे लिहून फसू नये.

टप्पा ४: प्रत्येक गोष्टीचा संकेत आणि त्याची मोडतोड लिहा

आता वहीत प्रत्येक गोष्टीसाठी एक पान घ्यावे. पानाच्या डाव्या बाजूला ही गोष्ट वेस्टर्नचा कोणता संकेत वापरते ते, आणि उजव्या बाजूला तो संकेत कोणत्या क्षणी उलटतो ते लिहावे. कथानक लिहायचे नाही. ते तुम्हाला पाठ आहे आणि वाचकालाही ठाऊक आहे.

पहिल्या गोष्टीचे पान भरून दाखवतो. डावीकडे: पांढरे कपडे, पांढरी टोपी, घोड्यावर बसून गिटार वाजवत गाणारा नायक. कॅमेरा काही काळ चक्क गिटारच्या पोटातून, तारांच्या आडून त्याच्याकडे पाहतो. उजवीकडे: हा गोड गळ्याचा माणूस काही मिनिटांत दारूच्या गुत्त्यातल्या सगळ्यांना ठार करतो, आणि त्याचा आवाज किंवा सभ्यपणा कणभरही बदलत नाही. संकेत जागच्या जागी आहे, टोपी पांढरीच आहे. टोपीखालचा माणूस मात्र वेगळा आहे.

याच पानावर आणखी दोन बारीक नोंदी हव्यात. सलूनमध्ये बस्टर दुसऱ्याने टाकलेली पाने उचलून पाहतो आणि मग ती खेळायला नकार देतो. त्या पानांत एक्के आणि अठ्ठे असतात. वाइल्ड बिल हिकॉक हा नामांकित पिस्तुलबाज १८७६ मध्ये डेडवूड गावात पोकर खेळताना मागून गोळी लागून मेला, तेव्हा त्याच्या हातात अशीच पाने होती अशी आख्यायिका आहे, आणि म्हणून त्या पानांना ‘मेलेल्याचा हात’ म्हणतात. बस्टरच्या मरणाची सूचना तिथेच मिळालेली असते. दुसरी नोंद अशी, की त्याला मारायला येणारा तरुण काळ्या कपड्यांत असतो, तोही गातो, आणि तो खलनायक नसतो. तो फक्त अधिक चपळ असतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट या पानाच्या तळाशी लिहावी: ज्याचे नाव चित्रपटाला दिले आहे तो माणूस पहिल्याच गोष्टीत मरतो. यानंतर कुणालाही नायकाचे संरक्षण नाही, असा करार इथे प्रेक्षकाशी होतो आणि पुढच्या पाचही गोष्टी त्याच करारावर चालतात.

बाकीची पाने याच रीतीने भरावीत. दुसरीत बँक लुटण्याचा संकेत आहे, पण म्हातारा रोखपाल अंगावर तवे आणि भांडी बांधून, गोळ्या झेलत धावून येतो आणि दरोडेखोरच हतबल होतो. चौथीत सोने सापडते आणि लगेच पाठीत गोळी बसते, पण म्हातारा मरत नाही. ज्याच्या बाजूने आपण उभे असतो तो जिवंत परततो अशी ही एकच गोष्ट. सहावीत घोडागाडीतले अनोळखी प्रवासी आहेत, परंतु संकेताप्रमाणे येणारा हल्ला येतच नाही. गाडीत फक्त बोलणे होते, आणि बाहेरचा प्रकाश पिवळ्याचा गडद निळा होत जातो.

तपासणी: एखाद्या पानाची उजवी बाजू रिकामी राहिली तर दोन शक्यता असतात. एक तर मोडतोड तुमच्या नजरेतून सुटली, किंवा चित्रपटाने संकेत जसाच्या तसा वापरला. दुसरी शक्यता खरी असेल तर ती लपवू नका. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे चित्रण पाहा: दुसऱ्या आणि पाचव्या गोष्टीत ते घोड्यांवरून येतात, हल्ला करतात, मरतात किंवा निघून जातात, त्यांच्यापैकी कुणालाही नाव नाही, बोलणे नाही. हा जुन्या वेस्टर्नचा सर्वांत अन्यायकारक संकेत आहे आणि चित्रपट तो उलटवत नाही. ‘हे जुने पुस्तक आहे, म्हणून त्याची नजरही जुनी आहे’ असे समर्थन करता येते, पण माझ्या मते ते अर्धेच पटते, कारण इतर प्रत्येक जुन्या संकेताची दिग्दर्शकांनी मनसोक्त चेष्टा केलेली आहे. तुमचे मत वेगळे असू शकेल. मुद्दा टाळून मात्र पुढे जाता येणार नाही.

टप्पा ५: विनोदाचे घड्याळ लावा

हा टप्पा सर्वांत वेळखाऊ आहे आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. काळा विनोद म्हणजे मृत्यूविषयी विनोद, अशी सोपी व्याख्या मनात धरली की चित्रपटातले प्रत्येक प्रेत विनोदी वाटू लागते. प्रत्यक्षात हा विनोद माहितीच्या क्रमातून घडतो: प्रेक्षकाला काय आधी कळते, पात्राला काय उशिरा कळते, आणि कोणती गोष्ट दाखवलीच जात नाही. त्यामुळे तिसऱ्यांदा पाहताना फक्त निवडक प्रसंग घ्यावेत, प्रत्येकाचे सेकंदांचे टिपण करावे आणि प्रत्येक प्रसंगाला तीन प्रश्न विचारावेत. हसू नेमके कोणत्या क्षणी येते? त्या क्षणी पात्राला काय माहीत नसते? आणि हसू आल्यानंतर कॅमेरा किती वेळ तिथेच थांबतो?

दुसऱ्या गोष्टीतला फासाचा चौथरा घेऊ. गळ्यात दोर अडकलेला काउबॉय शेजारच्या रडणाऱ्या माणसाकडे पाहून ‘पहिलीच वेळ का?’ अशा अर्थाचे दोन शब्द बोलतो. हे दृश्य मीम होऊन मोबाइलवर इतके फिरले आहे की चित्रपट न पाहिलेल्यांनाही ते ठाऊक असते, आणि म्हणून त्यावर लिहिताना हमखास घसरायला होते. सुटे पाहिले तर ते एक चटकदार वाक्य आहे. गोष्टीत पाहिले तर त्याच्यामागे एक आख्खा प्रसंग उभा आहे: याच माणसाला थोड्या वेळापूर्वी झाडाखाली घोड्यावर बसवून गळ्यात फास घातलेला होता, फाशी देणारे हल्ल्यात मारले गेले, आणि घोडा गवत खात खात एकेक पाऊल पुढे सरकत असताना हा मान ताणून बसून राहिला. तिथून तो सुटला तो गुरेचोराच्या हाती, आणि पकडला गेला तो स्वतः न केलेल्या गुन्ह्यासाठी. त्या दोन शब्दांतला विनोद अनुभवी माणसाच्या अधिकारवाणीचा आहे, आणि तो अनुभव आपण त्याच्याबरोबर घेतलेला आहे.

मीम तिथे संपते. प्रसंग संपत नाही. काउबॉयची नजर गर्दीतल्या निळ्या कपड्यांतल्या एका मुलीवर जाते, तो तिच्याकडे पाहून हसतो, ती सुंदर असल्याचे म्हणतो, आणि पडदा काळा होतो. काळ्या पडद्यावर गर्दीच्या टाळ्या ऐकू येतात. आपण नुकतेच हसलेलो असतो, त्यामुळे त्या टाळ्यांत आपल्याही दोन असतात. लेखात लिहिण्याजोगी जागा ही आहे, मीमची नव्हे.

आता तिसरी गोष्ट, जिथे हसू जवळजवळ नाहीच. एक खेळवाला हातपाय नसलेल्या एका तरुण कलावंताला गाडीतून गावोगाव फिरवतो. तो तरुण इंग्रज कवी शेलीची १८१८ मधली ‘ओझिमांडियस’ कविता, भावाने भावाला मारल्याची बायबलमधली केन आणि एबलची कथा, शेक्सपिअर आणि लिंकनचे १८६३ मधले गेटिसबर्गचे भाषण म्हणून दाखवतो. प्रेक्षक कमी होत जातात. शेजारी एक कोंबडी बेरीज-वजाबाकी करून दाखवते आणि तिच्याभोवती गर्दी असते. खेळवाला कोंबडी विकत घेतो. पुढे एका पुलावर तो गाडी थांबवतो, एक मोठा दगड उचलून पाण्यात टाकतो, खोली अजमावतो आणि गाडीकडे वळतो. त्यानंतरच्या दृश्यात गाडीत फक्त कोंबडी असते.

या गोष्टीवर मी पहिल्यांदा लिहिले तेव्हा ‘खेळवाला त्याला नदीत फेकतो ते दृश्य अंगावर काटा आणते’ असे वाक्य बिनदिक्कत लिहून मोकळा झालो होतो. असे दृश्य चित्रपटात नाही. ते माझ्याच डोक्यात घडले होते, आणि दिग्दर्शकांना तेच हवे होते. चुकीचे वाक्य छापून आल्यावर एका वाचकाने तो शॉट कितव्या मिनिटाला आहे असे विचारले, तेव्हा मी चित्रपट पुन्हा लावला आणि शोधत बसलो. तेव्हापासून, न दाखवलेल्या प्रसंगांची वेगळी यादी केल्याशिवाय मी अशा चित्रपटावर लिहीत नाही.

या गोष्टीतला काळा विनोद कोंबडीत नाही, दगडात आहे. माणसाला टाकण्यापूर्वी दगड टाकून पाहण्याची ती व्यवहारी काळजी, बाजारात मडके वाजवून घ्यावे तशी. केन आणि एबलची कथा तो तरुण गावोगावी सांगत आला होता, हे त्या क्षणी आठवले तर आठवले. चित्रपट आठवण करून देत नाही.

पाचव्या गोष्टीत घड्याळ फार हळू चालते, म्हणून तिथे प्रसंगाऐवजी कारणांची साखळी लिहावी. ओरेगॉनकडे निघालेल्या तांड्यात अ‍ॅलिस ही तरुणी भावाबरोबर आहे. अ‍ॅलिसचा भाऊ वाटेत मरतो. त्याचा कुत्रा सारखा भुंकतो. त्याचे नाव प्रेसिडेंट पिअर्स, म्हणजे अमेरिकेचे चौदावे राष्ट्राध्यक्ष. तांड्यातल्या लोकांची तक्रार होते, तांड्याच्या दोघा वाटाड्यांपैकी तरुण बिली नॅप त्याला गोळी घालायला घेऊन जातो आणि नेम चुकतो. आपण हसतो. हाच कुत्रा पुढे अ‍ॅलिसला तांड्यापासून दूर घेऊन जातो, हल्ला होतो, आणि दुसरा वाटाड्या, म्हातारा आर्थर, मेला अशा समजुतीने ती त्यानेच दिलेले पिस्तूल स्वतःवर चालवते. आर्थर मेलेला नसतो. आयुष्यभर निर्णय घेताना चाचरणारी ही मुलगी एकदाच झटपट निर्णय घेते आणि तोच चुकतो. बिलीचा नेम लागला असता तर ती वाचली असती, एवढे एकच वाक्य वहीत लिहिले तरी या गोष्टीचा विनोद तुम्हाला सापडला असे समजावे.

सावधान: ‘नियतीचा क्रूर खेळ’, ‘जीवनाची क्षणभंगुरता’, ‘विदारक वास्तव’ या शब्दांना वहीत जागा देऊ नये. हे शब्द आले की निरीक्षण थांबते.

टप्पा ६: गोष्टींमधले सांधे वाचा

सहा पाने जमिनीवर ओळीने मांडावीत आणि त्यांच्यातल्या पाच फटी पाहाव्यात. पहिलीकडून दुसरीकडे जाताना हसण्याचा आवाज लहान होतो. दुसरीच्या शेवटी टाळ्या वाजवणारी गर्दी आहे, आणि तिसरी सुरू होते तीच मुळी प्रेक्षकवर्गाच्या गोष्टीने: कशाला टाळ्या मिळतात आणि कशाला मिळत नाहीत. हा सांधा माझ्या मते चित्रपटातला सर्वांत घट्ट सांधा आहे. तिसरीतल्या थंडीनंतर चौथीतले हिरवे खोरे, हरीण आणि मासे येतात, आणि म्हातारा घुबडाच्या घरट्यातून चार अंडी उचलून, पक्षीण बघते आहे असे दिसताच तीन परत ठेवतो. आदल्या गोष्टीत माणसाने माणसाशी केलेला सौदा ताजा असल्यामुळेच ही छोटी कृती एवढी मोठी वाटते. क्रम बदलून पाहा. चौथी गोष्ट पहिली ठेवली तर ती अंडी नुसती गंमत ठरतील.

सहावी गोष्ट बाकीच्या पाचांवरचे भाष्य आहे. गाडीतला इंग्रज सांगतो की लोकांना गोष्टी आवडतात, कारण गोष्टीतली माणसे आपल्यासारखी असतात, पण आपण नसतो. विशेषतः शेवटी नसतो. इतका वेळ दुसऱ्यांच्या मरणाला हसत बसलेल्या प्रेक्षकाला हे उद्देशून आहे.

सावधान: ‘सहाव्या गोष्टीतले सर्व प्रवासी मेलेले आहेत’ हे विधान निर्णय म्हणून लिहू नये. गाडी थांबत नाही, टपावर प्रेत आहे, हॉटेलच्या आतल्या जिन्यावर विचित्र उजेड आहे, एवढे दिसते. अर्थ काढावा, पण तो आपण काढलेला आहे हे वाक्यरचनेतून कळू द्यावे.

टप्पा ७: आता लिहायला बसा

हजार शब्दांच्या लेखात सहा गोष्टींना समान वाटा द्यायचा नसतो. दोन गोष्टी निवडाव्यात, त्यांच्यातला एक सांधा निवडावा आणि निम्मे शब्द तिथे खर्च करावेत. दोन गोष्टींचा ओझरता उल्लेख पुरतो आणि उरलेल्या दोन एका वाक्यात आल्या तरी हरकत नाही. ‘मग या गोष्टींवर अन्याय होईल’ ही शंका नेहमी येते. होऊ द्या.

सुरुवात दिग्दर्शकांच्या कारकिर्दीने करू नये. सुरुवात प्रसंगाने करावी. फरक कळावा म्हणून दोन नमुने देतो.

चुकलेला नमुना: ‘तिसऱ्या कथेत एका अपंग कलाकाराची करुण कहाणी येते. पैशांसाठी माणूस किती खालच्या थराला जाऊ शकतो, याचे विदारक चित्रण काळ्या विनोदाच्या माध्यमातून केले आहे.’

सुधारलेला नमुना: ‘पुलावर गाडी थांबते. खेळवाला एक दगड उचलतो, पाण्यात टाकतो आणि आवाज ऐकतो. मग तो गाडीकडे चालू लागतो. पुढच्या दृश्यात गाडीत कोंबडी आहे.’

दुसऱ्या नमुन्यात एकही विशेषण नाही, आणि दिग्दर्शकांनी जे गाळले तेच लेखकानेही गाळले आहे. काळ्या विनोदाविषयी लिहिताना गद्याने चेहरा सरळ ठेवावा, ही एक शिस्त पाळली तरी लेख निम्मा सुधारतो. उद्गारचिन्हे तर मी सरसकट काढतो.

भाषांतराचा प्रश्न बस्टरच्या संवादांत येतो. काउबॉय म्हणून त्याला रांगड्या गावरान बोलीत उतरवण्याचा मोह होतो आणि तिथे विनोद मरतो. तो मारेकरी असूनही पढिक, नटवी भाषा बोलतो, त्यामुळे मराठीत त्याला ‘महोदय, आपल्या शिष्टाचाराविषयी माझा किंचित गैरसमज झाला असावा’ अशा धाटणीचे, जरा जास्तच इस्त्री केलेले वाक्य शोभते. तवे बांधून धावणाऱ्या रोखपालाची आरोळी मात्र भाषांतरित करण्याच्या भानगडीत पडू नये. त्यात इंग्रजी ‘पॅन’ या शब्दाचा खेळ आहे, तो मराठीत आणायला तळटीप लागेल, आणि तळटीप लागणारा विनोद वाचकाला हसवत नाही. प्रसंगाचे वर्णन करून पुढे जावे.

टप्पा ८: लेख पाठवण्यापूर्वी

लेख एक रात्र तसाच ठेवावा. सकाळी पेन्सिल घेऊन ‘काळा विनोद’ हा शब्द जिथे जिथे आला असेल तिथे तो खोडावा आणि लेख पुन्हा वाचावा. विनोद काळा आहे हे त्या शब्दाशिवायही कळत असेल तर लेख तयार आहे, आणि हवाच असेल तर तो शब्द एकदा परत घालावा. कळत नसेल तर टप्पा ५ मधले सेकंदांचे टिपण उघडावे, कारण बहुधा तिथला तिसरा प्रश्न, कॅमेरा किती वेळ थांबला हा, तुम्ही वगळलेला असतो.

मग ‘दाखवले आहे’, ‘दिसते’ आणि ‘पाहायला मिळते’ ही क्रियापदे एकेक करून तपासावीत. प्रत्येकासमोर चित्रपटातले मिनिट लिहिता आले पाहिजे. ज्याच्यासमोर मिनिट लिहिता येत नाही, ते वाक्य एक तर ‘आपण समजून घेतो’ असे बदलावे, किंवा काढून टाकावे.